गेलं एक पिल्लू

आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीत कोणाचा एसी सुरू झाला, की समोरचा ढोबळे त्या घराच्या कंपाउंडशी येऊन उभा राहतो. भिंतीवरच्या डब्यातून येणाऱ्या गरम हवेसमोर तळहात धरतो आणि डॉक्टरनं नाडी पाहून सांगावं तसं सांगतो, "गेलं एक पिल्लू."

पिल्लू म्हणजे पेंग्विनचं. तिकडं पृथ्वीच्या बुडाशी, बर्फावर राहणारा पक्षी. मे महिन्यात आमच्या नळाला चहाचं पाणी येतं, आणि हा माणूस काळजी करून राहिला बर्फातल्या पाखराची.

मी चौथी शिकलेला. आयुष्यभर कूलरच्या ताट्यांत खस भरली, कूलरच्याच मोटारी दुरुस्त केल्या. एसी ही आळशी माणसाची सोय आहे आणि ह्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. त्यामुळं ढोबळेचं खूळ मला सुरुवातीला फार पटलं. तो एसी बंद करायला लावायचा, मी कूलर विकायचो.

ढोबळे पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचा. रिटायर झाल्यावर माणसं देवाला लागतात, हा पेंग्विनला लागला. परदेशातले शास्त्रज्ञ बर्फावर कॅमेरे लावून पेंग्विनच्या वस्त्यांचे फोटो नेटवर टाकतात. घरबसल्या लोकांनी एकेका पक्ष्यावर टिंब द्यायचं, म्हणजे किती उरले ते कळतं. ढोबळे बनियनवर, डोक्याला ओला दुपट्टा बांधून टिंबं देत बसतो. एकदा म्हणाला, उपग्रहाच्या फोटोत आभाळातून पक्षी दिसत नाही, पण त्याच्या शीचा डाग दिसतो, त्यावरून नवी वस्ती सापडते. सरकारची पेन्शन घेऊन माणूस पाखराची शी पाहत बसतो, हे मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं.

मंडळानं त्याचं भाषण ठेवलं. बर्फ आता लवकर फुटतो, पिल्लांना पाण्यात टिकणारी पिसं अजून आलेली नसतात, ती बुडतात, असं सांगता सांगता त्यानं हॉलचा एसी बंद करायला लावला. बर्फाआधी श्रोतेच वितळले. नगरसेवकानं मात्र मनावर घेतलं. चौकात 'पेंग्विन बचाओ'चं बॅनर लागलं. त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत साहेब हात जोडून, आणि पेंग्विन खाली, कार्यकर्त्यांच्या रांगेत.

ढोबळेची मुलगी माधुरी बंगलोरला असते. तिला पोरगं झालं. नातवाला ह्यानं फक्त फोनवर पाहिलेलं. मे महिन्यात ती यायची होती, पण तिचं म्हणणं एकच, बाबा, एसी लावा, नाहीतर त्या भट्टीत मी बाळाला आणणार नाही. तेव्हापासून ढोबळे ना टिंबं देईना, ना कोणाच्या कंपाउंडशी जाईना. मग एका सकाळी त्याच्या दारात टेम्पोतून एसीचा खोका उतरला.

मी रस्त्यातच गाठला. "काहून गा ढोबळे, आता किती पिल्लं जातीन?"

तो टेम्पोवाल्याला खोका आत न्यायची वाट दाखवू लागला. गल्ली पोट धरून हसली, आणि ज्यांनी लाजेखातर बंद ठेवले होते त्यांनीही आपापले एसी लावले.

मला राग आला तो माझ्या कूलरच्या अपमानाचा. मुलगी आल्यावर एका दुपारी मुद्दाम गेलो. म्हटलं, विचारू, माझ्याकडून घेतलेला जुना कूलर आता भंगारात देतो का. आतल्या खोलीचं दार बंद, एसी सुरू, माधुरी झोपलेली. ढोबळे मात्र बाहेरच्या खोलीत, माझ्याच कूलरसमोर, जमिनीवर पाय लांब करून बसलेला. दोन पायांच्या खोबणीत नातू झोपला होता.

"आत काहून नाही बसत?"

"आतमधी रडते गा हा. इथंच झोपते, पायावर."

"पाय आखडले असतीन."

"आखडू दे."

मग हलक्या आवाजात सांगू लागला. त्या मोठ्या जातीच्या पेंग्विनमध्ये बाप अंडं पायावर घेतो. आई दूर समुद्रात गेलेली. हा सगळा हिवाळा उपाशी उभा राहतो, पण अंडं बर्फाला लागू देत नाही.

माधुरीची आई गेली तेव्हा माधुरी ह्या नातवाएवढीच होती. गल्लीला माहीत आहे. मीच विसरलो होतो.

"टीव्हीवर त्या बापाले पयल्यांदा पाह्यलं," ढोबळे म्हणाला, "अन् वाटलं, ह्याले तं आपण ओळखतो."

कूलरमधलं पाणी संपत आलं होतं, ताट्या कोरड्या पडत होत्या. बादलीचा आवाज होऊ नये म्हणून मी तांब्या तांब्यानं पाणी घातलं.

तेवढ्यात बाहेर त्याच्याच एसीचा डबा घरघरला. सवयीनं ढोबळेचं तोंड उघडलं. पायावरच्या नातवाकडं पाहून त्यानं ते मिटलं, आणि पाय हळूहळू हलवत राहिला.