कौशल्याबाईंचा माळा

भाषावार प्रांतरचनेत गाव तेलुगू राज्यात जाऊन दोन महिने झाले, तरी हणमंतरावांची बदली अजून लोंबकळतच होती. इचोड्याच्या जंगल कचेरीतले ते जुने कारकून. उर्दूत पटाईत, तेलुगूत मात्र ठणठणगोपाळ. नवे साहेब त्यांना थेट समुद्राकाठी धाडणार, अशी कुणकुण होती. हणमंतरावांचा जीव जंगलाच्या कडेला असलेल्या चार एकर ज्वारीत अडकलेला. ज्वारी नुकतीच हुरड्यावर आली होती. बदली टळावी म्हणून त्यांच्या पत्नी कौशल्याबाईंनी बासरच्या सरस्वतीला नवसही बोलला होता.

अशात साहेबांनी फर्मावलं, रविवारी सकाळी जंगलात पायी फेरफटका मारू, जनावरं दाखवा. दाखवली तर हणमंतराव कामाचा माणूस, नाही तर चंबूगबाळं आवरायचं. हणमंतरावांनी जन्मभर जंगल पाहिलं ते कागदावरच. त्यांनी नागोरावला गाठलं. निजामाच्या अमलात बड्या लोकांच्या शिकारीसाठी हाका घालून जनावरं हाकणाऱ्यांचा हा म्होरक्या.

"साहेब येऊन राह्यले. जनावरं दिसली पायजेत," हणमंतराव एवढंच म्हणाले.

"तुमी बिनघोर राहा," नागोराव म्हणाला.

साहेब आले ते गळ्यात दुर्बीण अडकवून. बंदुकीचा पत्ता नव्हता. दोघं मैलभर चालले, पण सागाच्या वाळक्या पानांखेरीज काही हललं नाही. साधा ससाही दिसेना. साहेब समुद्राकाठच्या हवापाण्याचं कौतुक करू लागले, तसे हणमंतराव झुडपाझुडपात डोकावू लागले. तेवढ्यात नागोराव धापा टाकत आला.

"जनावरं कुठी गेली गा?" हणमंतराव पुटपुटले.

"पहाटेच मचाणाकडं हाकलली न. साहेब लोक मचाणावरच बसते."

"कोणतं मचाण?"

"इकडं एकच हाय. तुमच्या ज्वारीतलं."

ते मचाण नव्हे, पाखरं राखायचा माळा होता. आणि त्यावर गोफण घेऊन कौशल्याबाई बसल्या होत्या.

तिघं पळतच शेतावर पोचले. ज्वारीत चितळं, रोही म्हणजे नीलगाई, रानडुकरं, मोर, सारं गणगोत पंगतीला बसलं होतं. मागं हाकेवाले उभे, त्यामुळं परतायची वाट बंद. कौशल्याबाईंचे गोटे संपले होते, शिव्या चालू होत्या. साहेब हरखून माळ्यावर चढले आणि त्यांनी तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं. तासभर हणमंतराव आपल्याच पिकाचा फडशा पाहत एकेका जनावराचं नाव सांगत राहिले.

उतरल्यावर साहेबांनी त्यांची पाठ थोपटली. जंगलाची अशी नस ओळखणारा माणूस आपण सोडणार नाही, बदली रद्द. आता दर रविवारी येऊ, माळा मोडू नका, जनावरांना कुणी गोटा मारू नका.

साहेबांची जीप गेली. कौशल्याबाईंनी रिकामी गोफण नवऱ्याच्या हातात दिली.

"समुद्राकाठी रोही असते काय हो?"

"नसते वाटते."

"मंग उद्याच अर्ज करा."