टेबलाचा चौथा पाय

पंखा पुसायला स्टुलावर चढायचं की टेबलावर, एवढाच प्रश्न होता. स्टूल गॅलरीत होतं आणि टेबल पंख्याखाली, म्हणून मी टेबलावर चढलो. (माझ्या वजनाचा उल्लेख या गोष्टीत पुढे कुठेही येणार नाही.) दुसरं पातं पुसून होतंय तोवर टेबलाचा एक पाय मधोमध मोडला आणि मी खाली आलो.

मला फारसं लागलं नाही. पण ते टेबल सासऱ्यांनी आमच्या लग्नात स्वतःच्या हातांनी करून दिलेलं. सासरे जुने, मुरलेले सुतार. कारकुनी करणारा जावई त्यांनी गोड मानून घेतला असला, तरी माझ्या हातांकडे ते अजूनही जरा कीव आल्यासारखे बघतात. आणि रविवारी ते जेवायला येणार होते. बाहेरून नवा गोल पाय करून आणावा, तर गावातला प्रत्येक सुतार त्यांच्याच हाताखाली शिकलेला. संध्याकाळच्या आत बातमी पोचली असती. खरं काय ते सांगून टाका, असं बायकोचं मत पडलं. तेवढं सोडून मी बाकी काहीही करायला तयार होतो.

म्हणून मी घरच्या घरी लेथ मशीन बनवायला घेतलं. लाकूड गरगर फिरवायचं आणि पटाशी टेकवून गोल करायचं, एवढंच तर ते यंत्र. बंद पडलेल्या वॉशिंग मशीनची मोटर काढली. भंगारवाल्याकडून दोन लोखंडी अँगल आणि बेअरिंग आणले. शिलाई मशीनचा पट्टा बायकोला न विचारता घेतला. वेगळं बटण विकत घ्यायला नको म्हणून मोटरबरोबर तिचा टायमरही तसाच ठेवला. या काटकसरीचं मला स्वतःलाच फार कौतुक वाटलं.

गॅलरीत यंत्र सुरू झालं. लाकूड झकास फिरलं, मग थांबलं, जरा विचार केल्यासारखं केलं आणि उलटं फिरायला लागलं. पटाशी माझ्या हातातून निसटून थेट कुंडीत रुतली. बायको दारात उभी राहून बघत होती.

"आधी भिजत घालायचं राहिलं का?" तिने विचारलं.

टायमर काढून टाकला. पहिला पाय गोल करता करता छत्रीच्या दांड्याएवढा उरला. दुसऱ्याला मध्येच पोट सुटलं. तिसरा शनिवारी दुपारी जमला, निदान लांबून बघणाऱ्याला तरी. त्याला पॉलिश फासून टेबलाला बसवला आणि ती बाजू भिंतीकडे केली.

सासरे नेमके भिंतीकडच्या खुर्चीत बसले. जेवताना डावा हात सहज टेबलाखाली गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी वाकून पाहिलं. मग त्यांचं जेवणात लक्ष लागेना.

"लेकीच्या टेबलाला मी असला पाय लावला?" ते हळूच म्हणाले. "म्हणजे तेव्हापासूनच हात गेला होता माझा. आणि मला कुणी बोललंही नाही."

ताटाशेजारी ठेवलेल्या स्वतःच्या हातांकडे ते बघत राहिले. मला फार वाईट वाटलं. माझी लाज गेली असती तर एक वेळ चाललं असतं, पण माझ्यामुळे त्यांचा स्वतःवरचा विश्वास जावा, हे मला बघवेना. पंख्यापासून टायमरपर्यंत मी सगळं सांगून टाकलं.

त्यांनी पुन्हा वाकून तो पाय नीट पाहिला. मग त्यांचा चेहरा उजळला. दोन घास जास्तच जेवले आणि हात धुऊन म्हणाले, यंत्र दाखवा.

गॅलरीत त्यांनी चष्मा लावला, पट्टा ताणून पाहिला, चाक हाताने फिरवून बेअरिंगला कान लावला. मग मान डोलावली. इतक्या वर्षांत माझ्या कामावर त्यांची मान पहिल्यांदाच डोलत होती. माझा ऊर भरून आला.

"जावईबापू, यंत्र अगदी उत्तम झालंय," ते म्हणाले. "आता फक्त ते चालवायला कुणीतरी बघा."