भेंडीच्या चांदण्यांचा कागद

मुलांनो, सरळ बसा आणि हातातला मोबाइल खाली ठेवा. तर एका जंगलात वीज नव्हती, रस्ता नव्हता आणि दवाखान्याच्या नावाखाली एक घुबड होतं. नाताळ मात्र तिथे फार जोरात होत असे.

जंगलात नाताळ कसा, असं विचारू नका. ज्या जंगलात गणपती बसतो आणि दिवाळीला आकाशकंदील लागतो, तिथे नाताळानंच काय घोडं मारलंय? खायला मिळणार असेल तर त्या जंगलाला कुठलाही सण चालत असे.

नाताळाला सगळे एकमेकांना भेटी देत. कुणी मूठभर आवळे देई, कुणी मधाचं पोळं. सागाच्या पानात गुंडाळायचं, वेलीनं बांधायचं आणि नेऊन द्यायचं. घेणारा तिथंच पान सोडून आवळा तोंडात टाकी. पान भेकर खाऊन टाकी. असा सगळा मागासलेला कारभार होता.

मग एका वर्षी मैना परत आली.

ही मैना दोन पावसाळे शहरातल्या एका बाल्कनीत पिंजऱ्यात राहून आली होती. त्यामुळे तिला संस्कृतीतलं सगळं कळत असे. जंगल तिला मॅडम म्हणू लागलं. मॅडमनी सागाच्या पानातले आवळे पाहिले आणि डोळेच मिटून घेतले.

"अहो, पान?" त्या म्हणाल्या. "भेट पानात? तिकडे भेटीचा कागद प्रत्येकजण घरी स्वतःच्या हातानं सजवतो. आत काय आहे ते कोण बघतं? कागदात तुमच्या भावना असतात."

आपल्या भावना इतकी वर्षं भेकर खात होतं, हे कळल्यावर जंगलाला फार वाईट वाटलं.

लगेच कार्यशाळा भरली. गावाच्या उकिरड्यावरून सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांचा खाकी कागद आला. शेतातून भेंड्या आल्या. भेंडी आडवी कापायची, पळसाच्या रंगात बुडवायची आणि कागदावर दाबायची. चांदणी उमटते! अर्ध्या बटाट्यावर नाताळाचं झाड कोरायचं. तसलं झाड कुणी बापजन्मात पाहिलं नव्हतं, म्हणून सगळ्यांची झाडं उलट्या गाजरासारखी आली. वरून चुना शिंपडायचा, तो बर्फ. त्या जंगलात बर्फ कधीच पडला नव्हता. तरी चुना शिंपडता शिंपडता काहींना लहानपणीचा बर्फ आठवू लागला.

कागद चिकटवायला फणसाचा चीक घ्यायचा. तो एकदा चिकटला की सुटायची सोय नसते.

लगोलग समिती झाली. अध्यक्ष मोरेश्वरराव मोर झाले. दुसरं कोण होणार? समितीनं नियम केला की घरी सजवलेल्या कागदाशिवाय एकही भेट कुणाच्या दारात जाणार नाही. आणि सर्वांत सुंदर कागदाला मोराच्या पिसाची माळ मिळेल.

आता मी तुम्हाला मार्थाची ओळख करून देतो. मार्था साळिंदर. स्वभावानं गरीब, पण अंगावर काटेच काटे. तिची आई गेली तेव्हा ती एवढीशी होती. साळिंदराला झाडावर चढता येत नाही. तेव्हा पास्कूबाबा नावाचा वानर उंबरावर बसून तिच्यासाठी पिकली उंबरं खाली टाकत असे. स्वतःला कच्ची ठेवी आणि "मला पिकली पचत नाहीत" म्हणे. हे खोटं होतं, हे मार्थाला मोठेपणी कळलं.

आता पास्कूबाबा म्हातारे झाले होते. चढणं सुटलं होतं. त्याच उंबराच्या बुंध्यातल्या ढोलीत ते राहत. पाठीवरचे सगळे केस गेले होते आणि थंडी पडली की खोकल्यानं ढोली हलत असे. डॉक्टर घुबडानं तपासून सांगितलं होतं, "यंदा पाठ उघडी राहिली तर म्हातारा काही वसंत बघत नाही."

मार्थानं ते ऐकलं आणि उन्हाळ्यापासून कामाला लागली. सावरीच्या झाडाखालचा कापूस वेचला. गावातून उडून आलेलं जुनं लुगडं धुऊन वाळवलं. स्वतःचाच एक गळून पडलेला काटा दाभणासारखा वापरून तिनं रजई शिवली. दिवाळीला रजई तयार होती. थंडीही आली होती. उचलायची आणि नेऊन अंगावर घालायची, एवढंच राहिलं होतं.

पण मुलांनो, ती काय अशीच द्यायची? नियम होता ना. आणि खरं सांगायचं तर मार्थाला ती माळ हवी होती. आयुष्यभर तिच्याजवळ कुणी सरकून बसलं नव्हतं. माळ घातली तर निदान लांबून तरी बघतील, असं तिला वाटलं.

ती कार्यशाळेला गेली. कागद पसरला, चांदण्या छापल्या, चुना शिंपडला. फार सुरेख झालं. मग ती कात्री घ्यायला वळली आणि पाठीचे काटे कागदातून आरपार गेले.

"अगं बाई!" शेजारची ज्युली खार ओरडली. "माझ्याकडे नको हं वळूस. माझा अजून ओला आहे."

मार्थानं दुसरा कागद घेतला. त्यालाही भोकं पडली. तिसरा तिनं श्वास रोखून केला, तर शेवटी शिंक आली. मैनाबाई जवळून गेल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "प्रत्येकाला सगळं जमायलाच हवं असं नाही. तू भेंड्या चिरायला मदत कर ना."

मार्था घरी जाऊन रडली. इकडे पास्कूबाबा खोकत होते, तिकडे ती नवा कागद करत होती आणि रजई कोपऱ्यात घडी घालून पडली होती. तिला वाईट वाटत नव्हतं असं नाही. चांगला कागद झाला की लगेच जाऊ, असं ती रोज स्वतःला बजावत असे.

नाताळ आला. जंगल काही दुष्ट नव्हतं बरं का. पास्कूबाबांना थंडी वाजते हे सगळ्यांना ठाऊक होतं. खारीनं त्यांच्यासाठी पिसांचा गळपट्टा केला, अस्वलानं कांबळं आणलं, मोरेश्वररावांनी गवताची चटई दिली. सगळ्या भेटी ढोलीत पोचल्या. एकेक पुडकं असं, की नजर हटू नये. चांदण्या, बर्फ, उलटी गाजरं आणि फणसाचा चीक.

पास्कूबाबा मधोमध कुडकुडत बसले.

आता त्या जंगलाची एक जुनी खोड सांगायची राहिली. भेटीवर गुंडाळलेलं काहीही तिथे कुणी फाडत नसे. तुमच्या आजीनं भेटीचा कागद फाडलाय का कधी? "हळू, हळू! नखानं सोडव, पुढच्या वेळी होईल," असंच म्हणते ना? पान होतं तोवर ठीक होतं, वेल सोडली की झालं. आता चिकानं चिकटलेला कागद नखानं सुटेना. फाडायचा कसा? वर भावना होत्या.

"उघडा ना, बाबा," खारीनं म्हटलं खरं, पण तिचा जीव वर-खाली होत होता.

"छे, छे! एवढ्या चांदण्या काढल्यास तू. मी राक्षस आहे का?" पास्कूबाबा म्हणाले आणि खोकले. "असंच राहू दे. बघूनच ऊब येते."

खार धन्य झाली. दुपारी जंगल रांग लावून पुडकी बघायला आलं. बायका म्हणाल्या, अय्या, किती गोड. म्हातारा निळा पडत चालला होता, पण पुडक्यांच्या आड बसलेला असल्यानं कुणाला अडचण होत नव्हती.

संध्याकाळ व्हायच्या आत मार्था आली. कागद शेवटपर्यंत धड झाला नव्हता. रजईभोवती चाळणी गुंडाळावी तसं दिसत होतं. भोकाभोकांतून पांढरा कापूस बाहेर आला होता. दारावर समितीचा मुंगूस बसला होता.

"हे काय?"

"भेट."

"फाटकी आहे."

"कागद हवा असा नियम आहे," मार्था म्हणाली. "फाटका नको असं कुठे म्हटलंय?"

मुंगूस विचारात पडला. नियमात खरंच तसं नव्हतं. त्यानं नाक वाकडं करून तिला सोडलं.

पास्कूबाबांनी पुडकं हातात घेतलं. मार्था शरमेनं खाली बघत होती. "चुकलं, बाबा. माझ्या काट्यांनी भोकं पडली."

"पडली खरी," बाबा म्हणाले. त्यांनी एका भोकात बोट घातलं. कापूस बोटाला ऊन ऊन लागला. त्यांनी दुसरं बोट घातलं. "हा तर फाटलेलाच आहे गं. आता ह्याला काय जपायचं?" आणि त्यांनी टर्रकन कागद फाडला, रजई ओढून अंगावर घेतली आणि मान आत घालून झोपून गेले. खोकला थांबला. मग ढोलीतून घोरणं ऐकू आलं, आणि ते ऐकून मार्थाला इतका आनंद झाला की ती माळ विसरून गेली.

जंगल मात्र विसरलं नाही. भर नाताळाच्या दिवशी कागद फाडण्याचा प्रकार घडला होता. समितीनं पास्कूबाबांना समज दिली. माळ खारीला मिळाली, कारण तिचं पुडकं जसंच्या तसं होतं. खार सगळ्यांना सांगत सुटली, "मार्थाचा फाडला. माझा फाडवला नाही त्यांना!"

पास्कूबाबांनी वसंत पाहिला. त्याबद्दल समितीनं काही नोंद केली नाही.

इथे गोष्ट संपली असती तर तुम्हाला छान तात्पर्य मिळालं असतं. पण मैनाबाई होत्या ना.

पावसाळाभर त्या फाटक्या कागदाकडे बघत राहिल्या आणि एके दिवशी त्यांना त्यात कला दिसली. "ही भोकं नाहीत," त्या म्हणाल्या. "हे जाळीकाम आहे." झालं! सगळ्या जंगलाला जाळीकाम हवं झालं. कार्यशाळेची प्रमुख पाहुणी म्हणून मार्थाला बोलावलं. खार तिच्याजवळ सरकून बसली आणि "मार्थाताई" म्हणाली. मोरेश्वररावांनी तिच्याकडे काटे उसने मागितले.

सुधारणाही झाल्या. मैनाबाईंनी प्रत्येक काट्याच्या टोकाला एकेक बोर खोचायला सांगितलं, म्हणजे नको तिथे भोक पडणार नाही. हवं तिथे गळून पडलेल्या काट्यानं मोजून पाडायचं. आणि आतून केळीच्या सोपटाचं जाड अस्तर लावायचं. "म्हणजे आतलं काही डोकावत नाही," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी तो कापूस फार बटबटीत दिसत होता."

मार्थाचा हात बसला. अंगभर बोरं खोचून ती दिवसदिवस कागदावर वाकलेली असे. त्यात तिला खरंच सुख वाटू लागलं होतं.

थंडी पडली. डॉक्टर घुबडानं पास्कूबाबांना पुन्हा तपासलं. "पाठ उत्तम आहे. कानात वारं शिरलंय. कानटोपी घाला, नाहीतर होतं नव्हतं तेही ऐकू यायचं बंद होईल." मार्थानं एका बैठकीत कानटोपी विणली. तिच्या कागदाला मात्र दिवाळी ते नाताळ असा सगळा वेळ लागला.

काय कागद झाला होता, मुलांनो! अस्तर लावण्याआधी जाळीतून ऊन आलं की जमिनीवर चांदण्या पडत. अस्तर लोखंडासारखं घट्ट होतं. मुंगूस दारातून उठून उभा राहिला. मोरेश्वररावांनी जागच्या जागी माळ काढून मार्थाच्या गळ्यात घातली, आणि सगळं जंगल टाळ्या वाजवू लागलं.

पास्कूबाबांनी पुडकं दोन्ही हातांनी धरलं. फिरवून फिरवून बघितलं. एखादं भोक आरपार आहे का म्हणून बोट घातलं. बोट अस्तराला लागलं. त्यांनी हळूच बोट मागे घेतलं.

"फार सुंदर केलंस गं," ते म्हणाले. "हा नाही हं मी फाडणार."

हे वाक्य ऐकायला मार्था गेल्या नाताळापासून तळमळत होती. ते ऐकलं आणि तिनं बाबांकडे पाहिलं. बाबांचे कान लाल झाले होते आणि वारा लागला की ते दोन्ही हातांनी कान दाबत होते. तिनं एका काट्यावरचं बोर काढलं. नुसती पाठ वळवली असती तरी काम झालं असतं.

पण सगळे बघत होते. माळ मानेला मऊ लागत होती.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "फाडा ना."

"काय म्हणालीस?" पास्कूबाबांनी कान पुढे केला. "वारं शिरलंय गं, ऐकू येत नाही. मोठ्यानं बोल."

सगळं जंगल ऐकायला गप्प झालं. मार्थानं बोर पुन्हा काट्यावर खोचलं.

"म्हटलं, जपून ठेवा!" ती मोठ्यानं म्हणाली.

बाबांना ते नीट ऐकू आलं. त्यांनी मान हलवली आणि पुडकं रजईवर, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं.

तात्पर्य : मुलांनो, भेट नेहमी अशा कागदात द्यावी की घेणाऱ्याला तो फाडवू नये. मग आतली वस्तू कमी पडली, मापाची नव्हती, असली कटकट राहत नाही. पुढच्या नाताळाला तेच पुडकं आणखी कुणाला देताही येतं. आणि ज्यांना भेट अजून नीट गुंडाळता येत नाही, त्यांनी निराश होऊ नये. सराव करत राहावा. तोवर भेट कुणाच्या तरी उपयोगी पडत राहील, पण तेवढं सहन करावं लागतं.