तेलाचा लाल दिवा

इंजिन बांधणं अवघड असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी निपाणीला येऊन मला भेटावं. म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत भेटायला हरकत नव्हती. तेव्हा मी गल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो की मोबाइलवर व्हिडिओ बघून पुरणपोळी जमते, तर इंजिन का जमणार नाही? माझं चष्म्याचं दुकान आहे. बारीक स्क्रू हाताळायची सवय आहे. इंजिनाचे स्क्रू जरा मोठे असतात, एवढाच काय तो फरक!

गाडी आजोबांची, पांढरी अँबॅसिडर. कित्येक वर्षं शेडमध्ये उभी होती आणि तिच्या मागच्या सीटवर मांजरांच्या पिढ्या वाढत होत्या. माझे वडील गुंडाप्पा, ज्यांना सगळं घर आप्पा म्हणतं, तिच्याकडे ढुंकूनही बघत नसत. त्यात चुलतभाऊ आदर्शने नवी गाडी बुक केली आणि त्याला शेड हवी झाली. घर एक, शेड एक. शेवटी आप्पांनी निकाल दिला. आदर्शच्या बहिणीचं, रचनाचं, रविवारी बेळगावात लग्न होतं. तिथवर अँबॅसिडर स्वतःच्या चाकांवर गेली तर राहील. नाहीतर सोमवारी भंगारवाला.

याच गाडीच्या मागच्या सीटवर, तवंदी घाटात, माझा जन्म झालेला आहे. जन्मस्थान भंगारात जाऊ द्यायला मी अजिबात तयार नव्हतो. तसं मी क्षमाला, म्हणजे बायकोला, गहिवरून सांगितलं.

"जन्माचा दाखला हाय की तुमचा," ती म्हणाली. "गाडी आणि कशाला पाहिजे?"

मी इंजिन उतरवलं, खोललं, धुतलं, नवीन भाग घालून पुन्हा बांधलं. बुधवारी संध्याकाळी फक्त चेंबर, म्हणजे तळाचं तेल साठायचं भांडं, बसवायचा राहिला होता. इतक्यात आतून जेवायची हाक आली. आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत जेवण उरकावं लागतं, मग इंजिन उघडं असो की घर. जेवून आलो तोवर अंधारलं होतं. तरी मी नुसत्या हाताच्या अंदाजाने चेंबर बसवला, आणि बसवता बसवता मष्णूला फोनवर तीच बढाई ऐकवत होतो. मष्णू माझा वर्गमित्र. तो ट्रॅक्टर दुरुस्त करतो आणि ट्रॅक्टरचं ज्ञान सगळ्या जगाला लावतो.

शुक्रवारी इंजिन गाडीत घालून किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू! गल्ली गोळा झाली. माझे डोळे भरून आले, त्यामुळे डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा मला दिसलाच नाही. क्षमाला दिसला. इंजिन सुरू होऊन तेल वर चढलं की हा दिवा विझायला पाहिजे. तो काही विझेना. वर आतून सुपारी कुटल्यासारखा आवाज यायला लागला, तेव्हा घाबरून मी किल्ली उलटी फिरवली. इंजिनावरचं झाकण काढून बघतो तर आत कोरडं ठणठणीत. ओतलेलं सगळं तेल तळाशी आणि वर टिपूससुद्धा नाही. असंच दामटलं असतं तर इंजिन जाम होऊन भंगारवाल्याचं कामच सोपं झालं असतं.

मष्णू आला. पंप कोरडा आहे, त्याला आधी तेल पाजायला हवं, म्हणाला. पाजलं. दिवा लाल. मग त्याला तेल दाट वाटलं. पातळ घातलं. दिवा लाल. मग त्याने सांगितलं की गाडी फार वर्षं उभी राहिल्याने तिची तेलाची सवय मोडली आहे. शेजारच्या अंबुबाईंना हे काही पटलं नाही. त्यांनी बॉनेटवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. दिवा लालच!

शनिवारी मष्णू हवेचा कॉम्प्रेसर घेऊन हजर. तेलाच्या वाटेत कचरा अडकला असणार, फिल्टरच्या पाइपात तेल भरून हवा मारू, असा त्याचा बेत. नेमका तेव्हाच आदर्श शेडची लांबी-रुंदी मोजायला आला. लग्नघरचा माणूस, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा. त्याने उघड्या इंजिनावर वाकून, काय झालं रं, एवढंच विचारलं आणि मष्णूने हवा सोडली.

वरची वाट मोकळी होती. अगदी मोकळी! आदर्शचा झब्बा, चेहरा आणि नुकतीच कोरलेली मिशी, सगळीकडे तेल पोचलं. मी आनंदाने ओरडलो की वर काही अडकलेलं नाही, दोष खाली आहे! आदर्शने कन्नडमध्ये उत्तर दिलं. राग आला की आमचं घर कन्नडवर जातं.

चेंबर उतरवला. आत तेल ओढून घेणारी एक नळी असते आणि तिच्या तोंडाला जाळी. त्या जाळीवर पांढरं कापड, चांगलं दुपदरी, ताणून बसवलेलं आणि वर दोऱ्याच्या गाठी! त्यातून तेल चढणार कुठून?

हा सरळसरळ घातपात होता. शेड कोणाला हवी होती? मी आदर्शकडे बोट दाखवून अंबुबाईंच्या माडीपर्यंत ऐकू जाईल असं भाषण ठोकलं. आदर्श निथळत उभा होता. उद्या लग्नाला पाऊल टाकायचं नाही, असं त्याने मला बजावलं, आणि हे खास मराठीत, म्हणजे मष्णूलाही कळावं. मष्णूलाही आमंत्रण होतं, त्यामुळे तोही गडबडला.

तेवढ्यात क्षमाने ते कापड उलटसुलट करून बघितलं. "अहो, ह्ये आपल्या पाण्याच्या हंड्यावरचं गाळणं."

पायरीवर बसलेले आप्पा खाकरले.

"मीच बांधलो त्ये. बुधवारी तू जेवाय गेलतास तवा. आपण पाणी गाळून पितो. हिच्या पोटात बाजारचं तेल तसंच कसं जाऊ द्यायचं?"

"पण आप्पा, तुम्ही तर तिला भंगारात घालणार होता न्हवं?" मी विचारलं.

"सोमवारी," आप्पा म्हणाले. "तवर घरचीच हाय की ती."

गाडीकडे ढुंकून न बघणाऱ्या माणसाने माझ्या पाठीमागे, गुपचूप तिला गाळणं बांधलं होतं. खरं सांगतो, मला भडभडून आलं. आदर्शची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. मग आप्पांनी हट्टाने नवं तेल स्वतःच्या हाताने, दुपदरी कापडातून, थेंब थेंब गाळलं. आम्ही सगळे बघत बसलो. घाई करा म्हणायची कोणाची टाप नव्हती.

किल्ली फिरवली. दिवा क्षणभर लुकलुकला आणि विझला! आप्पांनी त्या विझलेल्या दिव्याची काच बोटाने पुसली. नंतर म्हणाले की भंगारवाल्याला नको म्हणून कळवा, गाडी शेडमध्येच राहील. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो.

"ऱ्हाऊ दे. किल्ली दे हिकडं," आप्पा म्हणाले. "तुझ्याजवळ ठेवलो तर परत खोलशील."

आदर्श अजून फुरंगटून होता. त्याची समजूत काढायला आप्पांनी किल्ली त्याच्याच हातात दिली.

रविवारी सकाळी आदर्श गाडी चालवायला, शेजारी आप्पा, मागे क्षमा आणि तिच्याभोवती रचनाचं रुखवत. लाडवांच्या डब्यांमुळे मला जागा उरली नाही. मी बस धरली. संकेश्वरच्या अलीकडे अँबॅसिडर आमच्या बसला मागे टाकून झोकात पुढे गेली. मला राहवलं नाही. शेजारच्या प्रवाशाला कोपर मारून सांगितलं की ते इंजिन मी बांधलंय.

त्याने गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग तुम्ही बसमदनं कसं काय?"

बेळगावजवळचं काकती येईपर्यंत मी झोपेचं सोंग घेतलं.