भोक पडलं तरी अंगाई

"ताई, जुनं यंत्र दुपारच्या चहाआधी मोकळं करतो. चिंताच नको!" असं मी म्हणालो, तेव्हा माझी छाती पंपाने हवा भरल्यासारखी फुगली होती.

आमचं काम अंगाया साठवण्याचं. गावोगावच्या आयांचे आवाज आणायचे, स्वच्छ करायचे आणि दालनात ऐकवायचे. हे सगळं एक म्हातारं यंत्र सांभाळायचं. त्याची हुबेहूब प्रत दुसऱ्या इमारतीत निजलेली असायची. मूळ यंत्र गेलं, की प्रतीने उठून कामाला लागायचं, अशी सॉफ्टवेअरची व्यवस्था. आता नवं यंत्र आलं होतं आणि म्हाताऱ्याला निवृत्त करायचं होतं.

आमच्या प्रमुख ताई दारात थबकल्या. "माझ्या आईची अंगाई नव्या यंत्रात गेली ना रे? तिचा तेवढाच आवाज उरलाय."

"सगळं गेलं, ताई! सुईसुद्धा मागे ठेवली नाही."

यंत्र निवृत्त करताना आधी सॉफ्टवेअरमध्ये त्याची आणि प्रतीची जोडी तोडायची, मग ते बंद करायचं. मी म्हटलं, क्रमाचं काय एवढं! आधी वायरच उपटली. भंगारात देण्यापूर्वी डिस्कला भोक पाडायचा आमच्याकडे नियम. वायरमनदादांनी ड्रिल लावून तोही पाळला.

ड्रिल थांबलं. आणि रिकाम्या दालनात कुणीतरी हलकेच खाकरलं.

मग एका बाईचा आवाज, विहिरीच्या तळातून आल्यासारखा:

"नीज गं चिमणे, दिवा झाला मंद,
उंबऱ्यात मी उभी, दार नाही बंद..."

दादांनी डिस्क डोळ्याला लावून भोकातून माझ्याकडे पाहिलं. "साहेब, ही तर मेलीय. मग गातंय कोण?"

"तुम्ही भोक नीट पाडलं नाही!"

"आरपार दिसताय तुम्ही! घामासकट!"

वारा नसताना दालनाचा पडदा थरथरत होता. दादा म्हणतात, तो मीच धरला होता.

मी धावत जाऊन सॉफ्टवेअर उघडलं. यंत्रापुढे लाल खूण, प्रतीपुढे हिरवी! मूळ यंत्र वारलं असं समजून प्रत उठली होती आणि हाताला येईल ते गात होती. मी "जोडी काढा" दाबलं. त्याने विचारलं, प्रतही पुसायची? पुसू की! भूतबाधा एकदाची संपेल! बोट खाली जाणार, इतक्यात...

"थांब!" दारात ताई. चेहरा खडूसारखा पांढरा. "ही माझी आई आहे."

"असू दे ना ताई, ती नव्या यंत्रात आहेच की!" मी नवं यंत्र उघडून दाखवायला गेलो आणि यादीवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवू लागलो. सगळ्यांचे कप्पे आले होते. ताईंचा स्वतःचा कप्पा मी उचलायलाच विसरलो होतो! मूळ आवाजाला भोक. उरली ती फक्त प्रत, आणि तिच्या गळ्यावर माझं बोट.

ते बोट कुणा परक्याचं असावं तसं जड झालं होतं. कसंबसं सरकवून मी "प्रत ठेवा" दाबलं. जोडी तुटली. गाणं तुटलं नाही.

ताई जमिनीवर बसल्या, भिंतीला डोकं टेकलं आणि ओल्या पापण्यांनीच झोपून गेल्या. शेजारी दादाही पेंगले. आवाज कमी करायची माझी काय टाप!

खिशात फोन थरथरला. बायको. मी दबक्या आवाजात "हॅलो" म्हटलं. "अहो, कुजबुजताय काय? कुठे आहात?"

"ऑफिसात. हळू बोल. ताईंच्या आई ताईंना झोपवतायत."

"अहो... त्या तर गेल्या ना?"

"गेल्या होत्या. मीच उठवलं. चुकून!"

फोन बंद झाला. त्या दिवसापासून घरात माझ्या हातातला रिमोट कुणी हिसकावत नाही. आणि खोटं कशाला बोलू, मीही अजून काही खुलासा केलेला नाही!