सासूबाई थर्ड पार्टी

"गाडीचा विमा? मला विचारा!" असं भोंगा कुणालाही सांगायचा. समोरच्याने विचारलेलं नसतानाही सांगायचा.

भोंगा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. आवाजच तसा होता! ट्रकचा हॉर्न बिघडला, तर हा खिडकीतून डोकं बाहेर काढून काम भागवेल असा. चौदा वर्षं दुसऱ्यांचे ट्रक चालवून गेल्या वर्षी त्याने स्वतःचा घेतला. मालक तोच, ड्रायव्हर तोच, धुणारा-पुसणाराही तोच. तळावर कुणी नवा ट्रकमालक दिसला की भोंगा त्याला टपरीवर चहा पाजायचा आणि व्याख्यान द्यायचा. "विमा म्हणजे गाडीचं चिलखत! एकदा चढवलं की बिनघोर. काहीही होऊ दे, कंपनी बघून घेईल!"

आता खरं काय ते सांगतो. विमावाले काका पॉलिसी समजावून द्यायला आले, तेव्हा दोन तास जीव तोडून बोलले. पहिल्या दहा मिनिटांत भोंग्याने जे "हो हो" सुरू केलं, ते काका चपला घालेपर्यंत. त्याला फक्त सक्तीचा तेवढा विमा हवा होता. काका ऐकेनात. "अरे, त्याने तू दुसऱ्यांचं केलेलं नुकसान भरून निघेल. तुझ्या गाडीचं काय? गाडी बंद म्हणजे तू बंद!" शेवटी भोंग्याने मोठ्या पॉलिसीवर सही केली. पटलं म्हणून नव्हे, काकांनी उठावं म्हणून. ती पॉलिसी मग सीटखाली पान्यांच्या पिशवीत गेली आणि ग्रीस पीत पडली.

तर एका रविवारी सकाळी सासूबाईंचं जुनं कपाट दुरुस्तीला न्यायचं ठरलं. सासूबाई दोन गल्ल्या सोडून एकट्या राहायच्या. शाळेच्या कार्यालयात तेहेतीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेल्या. त्या म्हणाल्या, "एक कपाट तर आहे. हातगाडी सांगते."

"घरचा ट्रक असताना हातगाडी?" भोंगा गरजला. "लोक काय म्हणतील!"

लोक पुढे बरंच काही म्हणाले.

सासूबाईंच्या घराशेजारची गल्ली ट्रकपेक्षा हातभरच रुंद. बायको म्हणाली, "अहो, मी मागे उभी राहून सांगते."

"चौदा वर्षं कोण उभं होतं मागे? तू आत जा, कपाट रिकामं कर."

बायको आत गेली. भोंग्याने रिव्हर्स टाकला, आरशात बघितलं आणि गाडी अगदी मोजून मागे घ्यायला लागला. तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला, "येऊ दे!"

भोंगा सुखावला. म्हातारीला गाडीतलं कळतं की!

"येऊ दे, येऊ दे! अजून येऊ दे!"

इतक्या प्रेमाने बोलावल्यावर कोण थांबेल? भोंग्याने पाय दाबला. धडाडधूम! गाडी एखादं फडताळ उघडावं तशी भिंत उघडून आत शिरली. आणि मग मागून आवाज आला, "बस्स! बस्स!"

भोंग्याने करकचून ब्रेक मारला.

मंडळी, सासूबाई गाडीशी बोलतच नव्हत्या. गच्चीवर नळवाला टाकीचा व्हॉल्व्ह दुरुस्त करत होता आणि त्या स्वयंपाकघरात नळाखाली बादली लावून त्याला सांगत होत्या. बादली भरली तशा त्या "बस्स" म्हणाल्या. पिंप लावलं असतं, तर गाडी थेट दिवाणखान्यात!

भोंगा धावत आत गेला. स्वयंपाकघराची अर्धी भिंत जमिनीवर होती. भांड्यांची मांडणी आडवी झालेली, डबे गडगडत सुटलेले, आणि मधोमध ट्रकचं मागचं फाळकं. त्यावर त्याने स्वतः रंगवून घेतलेली अक्षरं: सुरक्षित अंतर ठेवा! त्या अक्षरांपासून तीन पावलांवर सासूबाई नखशिखांत पांढऱ्या होऊन उभ्या. हातातली बादली तशीच.

गच्चीवरून नळवाला ओरडला, "बाई, अजून सोडू का?"

भोंग्याला हसू आलं नाही. त्याचं लक्ष खाली गेलं होतं. विटांच्या ढिगातून एका स्टुलाचे दोन पाय वर आलेले दिसत होते. त्या स्टुलावर, त्याच भिंतीला टेकून, सासूबाई रोज सकाळी याच वेळी पेपर वाचत बसायच्या. नळवाला शनिवारी यायचा होता. आला नाही, म्हणून दोन्ही घरांनी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. तो रविवारी उगवला, म्हणून त्या उठून नळाशी गेलेल्या.

भोंगा खाली बसून स्टुलावरची एकेक वीट बाजूला करायला लागला. नळवाला खाली आला तेव्हा भोंग्याने त्याला असं काही कवटाळलं, की तो घाबरून म्हणाला, "दादा, मी काही पाडलं नाही हो!"

बायकोने विमावाल्या काकांना फोन लावला. काका स्कूटरवरून आले. आधी सासूबाईंना लागलं नाही ना हे त्यांनी दोनदा विचारलं आणि मग कामाला लागले.

"गाडीचं फाळकं, मागचा दांडा आणि दिवे हे तुझ्या नुकसानीत. बरं झालं तो भाग घेतलास."

"तुम्ही घ्यायला लावलात," भोंगा कसाबसा म्हणाला.

"आता भिंत. घर कुणाच्या नावावर?"

"आईंच्या."

"आणि तू राहतोस दोन गल्ल्या पलीकडे. उत्तम! म्हणजे ही थर्ड पार्टी."

"कोण ही?" सासूबाईंनी पदराने तोंड पुसत विचारलं.

"तुम्हीच! तो पहिला, कंपनी दुसरी, आणि बाकी सगळं जग तिसरं."

"म्हणजे मी बाकी जगात?" सासूबाईंचा चेहरा उतरला. "अकरा वर्षं जावयाला मुलगा म्हटलं, आणि भिंत पडल्यावर मी परकी?"

"आई, तसं नाही हो ते..."

"ती पॉलिसी द्या इकडे."

भोंग्याने पान्यांच्या पिशवीतून ती काढून दिली. सासूबाईंनी दोन बोटांनी धरली, आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. बायको दाराला कान लावून म्हणाली, "नाक ओढतेय. रडतेय वाटतं." भोंग्याला त्या दिवशी घास गेला नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे पाहणी अधिकारी येणार होते. भोंग्याने विचार करून ठरवलं, की सगळ्यांसमोर, अधिकाऱ्यांसमोर, सासूबाईंचा मान राखायचा. काकांनी बजावलं होतं, "विचारतील तेवढंच बोल." पण "हो हो" हे उत्तर भोंग्याने काकांना आधीच देऊन टाकलेलं.

अधिकारी शिडशिडीत आणि कमालीचे शांत. त्यांनी फोटो काढले, फितीने भिंतीचं भगदाड मोजलं आणि विचारलं, "हे घर कुणाचं?"

भोंगा छाती काढून म्हणाला, "माझंच समजा, साहेब!"

अधिकाऱ्यांचं पेन थांबलं. "तुमचं?"

"मग! ही माझी आईच. हे घर आणि ते घर एकच. मी कधी दुजाभाव केला नाही!"

काकांनी कपाळावर हात मारला. बायकोने पायावर पाय दिला. अधिकारी शांतपणे म्हणाले, "स्वतःच्या किंवा एकाच कुटुंबात राहणाऱ्यांच्या मालमत्तेला थर्ड पार्टीत भरपाई मिळत नाही. तुम्ही एकत्र राहता असं लिहू का?"

भोंग्याचा रंग उडाला. "नाही नाही! एकत्र कुठे? माझा यांच्याशी काहीच संबंध नाही! मी ओळखतही नाही यांना!"

"आत्ता आई म्हणालात."

"ते... ते मी सगळ्यांनाच म्हणतो!"

"मग त्यांच्या घराच्या गल्लीत तुम्ही गाडी घेऊन कशाला आलात?"

चौदा वर्षांत एकदाही त्याने गाडी इतकी चिखलात घातली नव्हती.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. डोळ्यांवर चष्मा, हातात फाईल, अशा सासूबाई बाहेर आल्या. पॉलिसीच्या पानापानाला कागदाच्या चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. नाक ओढत होत्या ते भिंतीच्या धुळीने!

"साहेब, हा माझा जावई. बोलायला लागला की याला ब्रेक नाही, तेव्हा मी सांगते. घर माझ्या नावावर, ही घरपट्टी. मी इथे एकटी राहते, हे माझं रेशनकार्ड. हा राहतो तिकडे, हे त्याचं लाइटबिल. नातं असलं तरी राहणं वेगळं. याच पॉलिसीच्या नवव्या पानावर आहे, खाली बारीक अक्षरात. चूक याची. नुकसान माझं. आणि थर्ड पार्टी," त्यांनी मान ताठ केली, "मी!"

अधिकारी पहिल्यांदा हसले. "बाई, नववं पान वाचलेलं माणूस मी आजवर बघितलं नव्हतं." त्यांनी लिहून घेतलं, सह्या घेतल्या, आणि दावा रीतसर पुढे जाईल असं सांगून निघाले. तो पुढे गेलाही. गाडीचं काम झालं, भिंतही मंजूर झाली.

सगळे गेल्यावर भोंगा सासूबाईंसमोर हात जोडून उभा राहिला. "आई, मी तुम्हाला ओळखत नाही म्हणालो."

"त्याच्या आधी काय म्हणालात तेही ऐकलं मी," सासूबाई म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या. जरा जास्तच वेळ पुसत बसल्या.

काकांसाठी भोंगा स्वतः चहा करायला उठला. "काका, त्या दिवशी तुम्ही उठला असतात, तर मी आज उठलो नसतो!"

भिंतीला गवंड्याने महिना सांगितला. तोवर सासूबाई लेकीकडे राहायला आल्या. येताना फाईल घेऊन आल्या, आणि रिकाम्या हाताला काम हवं म्हणून भोंग्याचे सगळे कागद लावायला घेतले. तिसऱ्याच दिवशी त्यांनी हाक मारली, "जावईबापू, तुमच्या लायसनची मुदत पुढच्या मंगळवारी संपते आहे."

मुदत संपल्यावर भिंत पडली असती तर? त्याने त्याच दिवशी अर्ज केला. घरी येऊन डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "आई, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही आहात म्हणून मी आहे!"

"असू दे हो," सासूबाई म्हणाल्या आणि फाईलमधला पुढचा कागद उजेडात धरला. "हा डॉक्टरांचा दिसतोय. वजन... अगं बाई! रोज एक तास चालायला सांगितलंय यांना, मार्च महिन्यापासून!"

"काय?" स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. "मला म्हणालात, डॉक्टर म्हणाले सगळं उत्तम आहे!"

आता रोज सकाळी सहा वाजता दहा चाकांचा मालक दोन पायांवर चालतो. सासूबाई बरोबर असतात, घड्याळ लावून. एक तास म्हणजे एक तास! वाटेत तळ लागतो. तिथे हल्ली कुणी विम्याचं विचारलं, तर भोंगा धापा टाकत शेजारी बोट दाखवतो आणि पुढे चालायला लागतो.