सासूबाईंची उशी आणि वीस लिटर बिअर

आपला उतारा वाढवायचा, असं मी एका गुरुवारी ठरवलं. माणसाने एवढंसं काहीतरी ठरवावं आणि दोन दिवसांत सासूच्या केसांतून चमच्याने लापशी काढायची वेळ यावी, हे फक्त माझ्याच नशिबात असू शकतं.

त्याचं असं झालं. आमच्या गल्लीच्या उन्हाळी जेवणाला दरवर्षी शेजारच्या सेप्पेने घरी केलेली बिअर असते. यंदा ते काम मंडळाने माझ्याकडे दिलं. (सेप्पेचा खांदा निखळला होता. पण निवड ती निवड.) मी नगरपालिकेत ओळखपत्रांच्या खिडकीवर बसतो. तिथे लोक येतात ते नाइलाजाने. आपणहून कुणी माझ्याकडे काही मागायची ही पहिलीच वेळ. छाती फुगवून मी कुंपणाशी गेलो.

"गहू आणि ओट घालून पांढरी बिअर करतोय. वीस लिटर."

"उतारा किती पडतो तुझा?" सेप्पेने विचारलं.

"म्हणजे?"

"धान्यातली साखर पाण्यात किती उतरते? टक्के सांग, टक्के!"

मागच्या खेपेची वही काढून मी आकडेमोड केली. "चोपन्न."

"काठावर पास," सेप्पे म्हणाला. "माझे अठ्ठ्याहत्तर. हे बघ, तीन गोष्टी कर. गव्हाचा दाणा बारका आणि टणक, चक्कीतून तसाच सटकतो. तेव्हा गव्हापुरती चक्की आवळ. ओट आधी अर्धा तास कोमट पाण्यात ठेव, म्हणजे चिकटपणा कमी होतो. आणि तिसरी गोष्ट, सगळ्यांत महत्त्वाची—"

"ओमेर!" खिडकीतून आमच्या ग्रीतने हाक मारली. "आई आली! बॅग घे!"

"कळलं, कळलं," असं सेप्पेला म्हणत मी धावलो.

सासूबाई, म्हणजे हॉर्टेन्सबाई, आठ दिवस राहायला आल्या होत्या. बॅग त्यांनी माझ्या हातात दिली. मानेखाली घ्यायची उशी मात्र काखेतच ठेवली. ती त्या कुणाकडे देत नाहीत.

शनिवारी सकाळी ग्रीत बाजारात गेली, सासूबाई केस सेट करायला गेल्या आणि धुण्याच्या खोलीत मी एकटा राजा झालो. चक्की आवळली. गहू दळला, मग जवाचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, तेही दळले, मग ओटही. असं दळलं की ग्रीतने केक केला असता. (बारीक चांगलं, तर अतिबारीक अतिचांगलं. नगरपालिकेत वीस वर्षं काढली की तर्क असाच चालतो.) कोमट पाण्यात अर्धा तास, गरम पाण्यात एक तास. मग मोठ्या ऐटीत पातेल्याची खालची तोटी उघडली.

तीन थेंब पडले. मी मोजले. चौथा आलाच नाही.

झाकण काढून पाहिलं, तर आतला ऐवज घट्ट बसला होता. लाकडी उलथणं मधोमध शिपायासारखं उभं! तोटीत काही अडकलं असेल म्हणून मी रबरी नळी लावली आणि उलट्या बाजूने फुंकलं. काही नाही. जीव खाऊन फुंकलं. पातेल्यातून 'भप्प' असा आवाज आला आणि एक गोळा छताला जाऊन चिकटला. अर्धा तिथेच राहिला. अर्धा परत आला, माझ्या चष्म्यावर.

मी सेप्पेला फोन लावला.

"फोलपटं घातलीस ना?" त्याने विचारलं.

"कसली फोलपटं?"

"अरे गाढवा, तीच तर तिसरी गोष्ट! आपल्या या गव्हाला साल नसते, ओटचा चिखल होतो. मध्ये फोलपटं नसतील तर पाण्याला वाट कोण काढून देणार? तुझी सासू?"

"दुकानातून आणतो की आत्ता."

"दुकानदार सुट्टीवर गेलाय. सोमवारी उघडेल."

"आणि तोपर्यंत याचं काय करू?"

"भिंतीला कागद चिकटव," असं म्हणून सेप्पेने फोन ठेवला.

चष्मा पुसत मी बैठकीच्या खोलीत आलो आणि खुर्चीवरच्या त्या उशीकडे माझं लक्ष गेलं. शिवणीला एक कापडी पट्टी होती. पट्टीवर छापलं होतं: 'आत जुन्या, सालीच्या जातीच्या गव्हाची शुद्ध फोलपटं.'

वाचकहो, तुम्ही काय केलं असतं? (नका सांगू. तुम्ही शहाणे आहात.)

शिवण उसवली. फोलपटं तीनदा धुतली, वर उकळूनही घेतली. आम्हालाही काही तत्त्वं आहेत. रिकाम्या उशीत न्याहारीच्या ओट्सची दोन पाकिटं भरली आणि ती शिवून जागेवर ठेवली. टाके एकूण सात. मग फोलपटं पातेल्यात घालून नीट ढवळली, दहा मिनिटं थांबलो आणि तोटी उघडली.

सोनेरी धार! अखंड! मोजमाप केलं, तर एक्याऐंशी टक्के! धुण्याच्या खोलीत मी एकट्याने नाच केला. ते गोड पाणी उकळायला ठेवतोय, तोच सासूबाई परतल्या. केसांचा नुसता रुपेरी फ्लॉवर झाला होता.

"त्या पार्लरच्या बेसिनवर मान टेकून टेकून अवघडली," त्या म्हणाल्या. मग उशी उचलली, तिच्यावर भरपूर पाणी शिंपडलं आणि मायक्रोवेव्हमध्ये ठेवली. अशी ओली उशी त्या रोज शेकायला घेतात. मला ते माहीत होतं. आठवलं मात्र आत्ता.

"आई, आज शेक नको," मी म्हणालो. "केवढं उकडतंय!"

"माझी मान तुला विचारून दुखत नाही," सासूबाई म्हणाल्या. उशी मानेखाली घेऊन त्यांनी डोळे मिटले.

तेवढ्यात ग्रीत आली. "अय्या, बिस्किटं कोण भाजतंय?"

"आज किती मऊ लागतेय गं ही," सासूबाई म्हणाल्या. मग जरा वेळाने, "ओलसर लागतेय." आणि मग सातही टाके एकदम सुटले.

"ग्रीत!" सासूबाई किंचाळल्या. "धाव गं! माझा मेंदू बाहेर येतोय!"

ग्रीतने त्यांच्या मानेवरून बोट फिरवलं, हुंगलं, चाखलं. "ओट्स?" मग दोघी सावकाश माझ्याकडे वळल्या.

"ओमेर, उशीतलं कुठे गेलं?" ग्रीतने विचारलं.

मी धुण्याच्या खोलीकडे बोट दाखवलं.

"अकरा वर्षं मी त्याच्यावर मान टाकतेय!" सासूबाई म्हणाल्या.

"तीनदा धुतलंय, आई. आणि उतारा पडला एक्याऐंशी टक्के!"

"कशाचा? अकलेचा?"

ग्रीत मला चमचा देत म्हणाली, "आधी हे केस साफ कर. मग ते पातेलं गटारात ओत."

"ओतायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या फ्लॉवरमधून मी लापशी काढत होतो. "गल्लीला शब्द दिलाय ना याने? मग पाळू दे. त्या दिवशी बिअरच्या पिंपाशी मी बसेन."

खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. सोमवारी मी त्यांना नवी उशी आणली.

तीन आठवड्यांनी, गल्लीच्या जेवणाच्या दिवशी त्या मुद्दाम आपल्या घरून बसने आल्या आणि पिंपाशी ठाण मांडून बसल्या. मी लांब शेगडीवर सॉसेज भाजत होतो. तिथून बघत होतो. माणसं येत होती, सासूबाईंशी बोलत होती, खो खो हसत होती आणि जग भरभरून नेत होती. नुसते पेले नाहीत, जग! चार वाजता पिंप कोरडं ठणठणीत. चिमटा टाकून मी धावलो.

"संपली, आई?"

"थेंब उरला नाही."

"लोक काय म्हणाले?"

"विचारत होते, यात काय घातलंय. मी खोटं बोलत नाही. सांगून टाकलं."

"मग?"

"मग कुणी तोंडाला लावली नाही. पण यंदाच्या पावसाने वाफ्यात गोगलगायी किती झाल्यात! मी म्हटलं, बशीत ओता आणि सॅलडच्या रोपांशी ठेवा. वासाने येतात आणि बुडून मरतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी सेप्पे गळ्यात हात अडकवून कुंपणाशी उभा होता. चेहऱ्यावर खराखुरा आदर.

"एका बशीत त्रेचाळीस! ओमेर, असली बिअर मला जन्मात जमली नाही."

पुढच्या वर्षीसाठी मंडळाने आत्तापासूनच चाळीस लिटर सांगून ठेवली आहे. (चव कशीही चालेल, असंही कळवलं आहे.)